जुन्या हेडफोनला किती पैसे द्यावेत?

(‘आवाजाची दुरुस्ती’ : ध्वनियंत्रांविषयीच्या वाचकांच्या प्रश्नांना या सदरात उत्तरं दिली जातात. सदरलेखिकेचं सांगलीत गणपती पेठेत रेडिओ, टेप आणि ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे.)

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, साताऱ्यात शाहूपुरीत राहतो. माझ्याकडे शास्त्रीय संगीताच्या एलपी आहेत, काही ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्याही आहेत. ऐंशीच्या दशकातला जपानी रिसीव्हर (रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकत्र असलेलं यंत्र) अजून उत्तम चालतो. नातीचं दहावीचं वर्ष असल्यामुळे संध्याकाळी स्पीकर लावता येत नाहीत. पुण्याच्या एका गृहस्थांकडे ‘एकेजी के-२४०’ हा ६०० ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) जुना हेडफोन आहे, ऑस्ट्रियात बनलेला. साडेनऊ हजार मागतात. कुशनं गेली आहेत, ‘बाकी एकदम ओके’ म्हणतात. मुलगा म्हणतो, एवढ्या पैशांत नवा ब्लूटूथ घ्या. मला चष्मा आहे. काय करावं?

सर, नमस्कार. तो हेडफोन घेण्यासारखा आहे. पण साडेनऊ हजारांना घेऊ नका, आणि स्वतः कानाला लावून ऐकल्याशिवाय तर एक रुपयाही देऊ नका.

जुन्या हेडफोनमध्ये काय जुनं होतं, ते आधी सांगते. किंमत तिथेच ठरते. आतला चुंबक चाळीस-पन्नास वर्षांत सहसा मरत नाही. पडदा म्हणजे प्लास्टिकची पातळ फिल्म, कोणी बोट घातलं नसेल तर तीही टिकते. जातात ती कुशनं, फोम, वायर आणि डोक्यावरच्या पट्ट्याचं इलॅस्टिक. फोम पॉलियुरेथेनचा असतो आणि हवेतला ओलावा त्याला आतून तोडत राहतो. साताऱ्याच्या पावसाळ्यात पेटीत बंद करून ठेवलेला हेडफोन न वापरताही खराब होतो तो यामुळेच. आधी फोम चिकट होतो, मग त्याचा भुगा पडतो. विकणारा ‘वापरलाच नाही हो’ म्हणतो तेव्हा ते खरंही असेल, पण फोमला त्याचा काही उपयोग नाही.

म्हणून मी गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारते तो सुट्या भागांचा. या मॉडेलची कुशनं आज मिळतात का? के-२४० ची मिळतात, कारण त्याच मापाचे कप एकेजीने पुढे कितीतरी वर्षं चालू ठेवले. सेनहायजरचा एचडी-४१४ घ्या. १९६८ साली आलेला, उघड्या पाठीचा, म्हणजे कपाची मागची बाजू बंद नसलेला, पहिला हेडफोन. त्याचे पिवळे फोम आजही विकत मिळतात आणि घरच्या घरी बदलता येतात. अशा वस्तूत पैसे घालायला हरकत नाही. याउलट एखाद्या जपानी कंपनीचं थोडेच दिवस चाललेलं मॉडेल कितीही देखणं असलं, तरी त्याचं कुशन फाटलं की ते शोभेचं होतं. मापाबाहेरचं कुशन बसवता येतं, पण जाडी दोन-तीन मिलिमीटरने बदलली तरी पडदा कानापासून लांब जातो आणि आवाज बदलतो. बंद कपांच्या हेडफोनमध्ये तर फट राहिली की खर्जच गळून जातो. कुशन हा आवाजाचाच भाग आहे.

आता तुमच्या के-२४० विषयी. या नावाचे बरेच अवतार आहेत आणि विकणारे सगळ्यांना एकच भाव लावतात. सत्तरच्या दशकातल्या पहिल्या अवताराला ‘सेक्स्टेट’ म्हणतात. त्यात मुख्य पडद्याभोवती सहा छोटे निष्क्रिय पडदे गोलाकार बसवलेले असतात, त्यांना वायर नसते. खालच्या पट्टीतला आवाज भरायला ते मदत करतात. नंतरचा ६०० ओहमचा ‘मॉनिटर’ वेगळा आणि आज दुकानात मिळणारा ५५ ओहमचा ‘स्टुडिओ’ आणखी वेगळा. व्हिएन्नातला एकेजीचा कारखाना २०१७ मध्ये बंद झाला. तेव्हापासून ‘मेड इन ऑस्ट्रिया’ एवढ्या शब्दांवर लोक भाव चढवतात. त्या गृहस्थांना कुशन काढून आतल्या बाजूचा स्पष्ट फोटो पाठवायला सांगा. सहा छोटे पडदे दिसले तर थोडा जास्त भाव समजण्यासारखा आहे. दिसले नाहीत तर सेक्स्टेटच्या नावाचा भाव देऊ नका.

६०० ओहमला घाबरू नका. तुमच्या घरी तो योग्य जागीच जाणार आहे. मोबाइलच्या जॅकमधून साधारण अर्धा ते एक व्होल्ट मिळतो. एका व्होल्टवर ३२ ओहमच्या हेडफोनला ३१ मिलिवॅट मिळतात, ६०० ओहमवाल्याला दोन मिलिवॅटही मिळत नाहीत. त्यामुळे मोबाइलला लावला की तो दबलेला वाटतो, विलंबित ख्यालातला सुरुवातीचा आलाप तर पुसटच. जुन्या रिसीव्हरची गोष्ट निराळी. बऱ्याच रिसीव्हरमध्ये हेडफोनचा जॅक स्पीकरच्याच लाइनवरून घेतलेला असतो, मध्ये काहीशे ओहमचा रेझिस्टर टाकून. त्या काळच्या जास्त ओहमच्या हेडफोनला हे मानवतं. उलट आजचा ३२ ओहमचा हेडफोन त्याच जॅकला लावलात तर बऱ्याचदा खर्ज सुजल्यासारखा येतो आणि तबल्यातला बायाँ सगळ्या मैफिलीवर पसरतो. तुमच्या मुलाचं म्हणणं प्रवासासाठी किंवा फोनवर बोलण्यासाठी बरोबर आहे. पण रेकॉर्ड प्लेअर आणि रिसीव्हर घरात असताना मध्ये ब्लूटूथचं यंत्र घालून आवाज पुन्हा डिजिटल करण्यात मला अर्थ दिसत नाही.

आता ऐकून कसं पारखायचं ते सांगते. यात घाई करू नका.

जाताना साधा मल्टिमीटर न्या. पिनचं टोक आणि मुळाकडचा भाग धरून डाव्या बाजूचं माप घ्या, मग मधली कडी आणि मूळ धरून उजव्या बाजूचं. दोन्हीकडे सहाशेच्या आसपास, बहुधा थोडं खाली, आणि एकमेकांशी जुळणारं माप आलं पाहिजे. माप चालू असताना वायर पिनजवळ आणि कपाजवळ हलकेच वाकवा. आकडा उडाला तर वायर आतून तुटत आलीय. पिनजवळचा तुटका भाग कापून नवी पिन बसवणं सोपं आहे. मात्र प्लास्टिकच्या खाली तांबं हिरवं पडलेलं दिसलं तर अख्खी वायर बदलावी लागते. या वायरच्या बारीक तारांवर लाखेचा थर असतो, तो जाळल्याशिवाय डाग (सोल्डर) धरत नाही. हे काम नवख्याच्या हातात देऊ नका. पिनऐवजी गोल जर्मन डिन प्लग दिसला तर काळजीचं कारण नाही, तो बदलता येतो.

मग तानपुरा लावा. माझं माहेर मिरजेचं, सतारमेकर गल्लीच्या जवळच. तिथे घोडीवर तारेखाली सुताचा धागा केसभर इकडे-तिकडे सरकवत जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा झणकार, लावणारे कारागीर मी लहानपणापासून पाहिलेत, आणि हेडफोन पारखायला तानपुऱ्याहून चांगलं काही मला अजून सापडलेलं नाही. आवाज अखंड असतो, मंद्रापासून वरच्या स्वरांशांपर्यंत सगळं एकाच वेळी चालू असतं. चांगल्या हेडफोनमध्ये जवारी छेडल्यानंतर क्षणभराने उघडते आणि हळूहळू उलगडत सुरात मिसळते. आता फक्त खर्जाच्या तारेकडे लक्ष द्या. तिच्या प्रत्येक छेडीबरोबर खरखर येत असेल आणि छेड ओसरताच थांबत असेल, तर ती जवारी नव्हे. कॉइल (पडद्याला चिकटलेलं तारेचं वेटोळं) घासतेय, नाहीतर पडद्यावर केस किंवा फोमचा कण पडलाय. कण असेल तर मऊ ब्रशने निघतो. कॉइल घासत असेल तर हेडफोन परत द्या आणि निघा.

त्यानंतर गाण्याची मोनो तबकडी लावा. गायकाचा आवाज बरोबर मधोमध आला पाहिजे. एका बाजूला झुकला तर हेडफोन उलटा घाला, डावा कप उजव्या कानाला. झुकाव कपाबरोबर दुसऱ्या कानाकडे गेला तर दोष हेडफोनचा, रिसीव्हरचा किंवा कार्ट्रिजचा (रेकॉर्ड प्लेअरची सुई धरणाऱ्या भागाचा). जिथल्या तिथे राहिला तर तो कानाचा. आपल्या वयात दोन्ही कान सारखे राहिलेले नसतात, सर, आणि वरच्या पट्टीतलं ऐकू येणं तर सगळ्यांचंच कमी होत जातं. म्हणून ‘याची ट्रेबल बघा’ असं म्हणून कोणी जास्त पैसे मागितले तर देऊ नका. तुमच्या कानाला जे ऐकू येतं त्याचेच पैसे द्या.

चष्म्याचा प्रश्न रास्त आहे. काडीमुळे कुशनला फट पडते आणि बंद हेडफोनचा खर्ज त्या फटीतून जातो. के-२४० अर्धउघडा असल्याने त्याला या फटीचा त्रास तुलनेने कमी होतो, पट्टाही फार आवळत नाही. फक्त अर्धउघडा म्हणजे आवाज थोडा बाहेरही येणार. नात त्याच खोलीत अभ्यास करत असेल तर दार लावून बसा.

७८ च्या तबकड्यांबद्दल तुम्ही वेगळं विचारलेलं नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. रिसीव्हरवर ‘मोनो’चं बटण असेल तर ते दाबूनच ऐका. या तबकड्यांचा आवाज खाचेच्या आडव्या हालचालीत असतो. स्टिरिओ कार्ट्रिज खालीवर होणारी हालचालही उचलतं, आणि त्यात नुसता किरकिराट असतो. मोनो केलं की दोन्ही बाजू एकत्र होतात आणि उभ्या हालचालीचा कचरा बराचसा आपोआप कटतो. हेडफोनमध्ये हा फरक स्पीकरपेक्षा कितीतरी स्पष्ट कळतो. सुई मात्र ७८ चीच हवी, एलपीची सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी घासत राहते. मिरजेत राहिलेले गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले. जर्मनीत बायरने डीटी-४८ हा पहिला डायनॅमिक (चुंबकात हलणाऱ्या कॉइलचा) हेडफोन आणला तो त्याच साली. खाँसाहेबांच्या तबकड्या ध्वनिमुद्रित झाल्या तेव्हा आपल्या हेडफोनसारखी वस्तू अस्तित्वातच नव्हती, आणि आज त्यांच्या आवाजातला श्वाससुद्धा आपण घरात बसून ऐकू शकतो. मिरजेच्या माणसाला याचं मोल फार वाटतं.

आता पैशांचं. माझा हिशेब साधा आहे. जुन्याची किंमत, त्यात कुशनं, वायर आणि दुरुस्तीची मजुरी धरायची. ही बेरीज त्याच घराण्यातल्या नव्या हेडफोनच्या दीडपटीपुढे गेली की सोडून द्यायचं. के-२४० स्टुडिओचा आजचा भाव पुण्यात किंवा ऑनलाइन विचारा, दीडपट करा, त्यातून दुरुस्ती वजा करा. उरेल तेवढं त्या गृहस्थांना सांगा. कुशनं गेलीत हे त्यांनी स्वतःच कबूल केलंय, तेव्हा त्याचे पैसे कापायला संकोच करू नका. डोक्यावरच्या पट्ट्याचं इलॅस्टिकही ओढून बघा. ते सैल पडलं की कप कानाखाली घसरत राहतात. सौदा जमला नाही तर नवा घ्या, त्यात हार काहीच नाही. जुन्या ६०० ओहमवाल्याचा मोकळेपणा मला जास्त आवडतो, माझ्या टेबलावर रोजच्या कामाला तोच असतो. पण दुरुस्ती करणारी मी स्वतःच आहे. साताऱ्यात बसून प्रत्येक वेळी तो पुण्याला किंवा सांगलीला पाठवावा लागणार असेल, तर तो त्रासही हिशेबात धरा.

प्रश्न : मी कराडला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलला राहते. नारिंगी फोमचे जुने वॉकमनचे हेडफोन मला खूप आवडतात. ऑनलाइन ‘ओरिजिनल १९७९’ म्हणून चार हजारांना दिसले. घेऊ का?

नको घेऊस. सोनीचा पहिला वॉकमन १ जुलै १९७९ ला जपानमध्ये विक्रीला आला, आणि त्याच्यासोबतचा हेडफोन तेव्हा खरोखर नवलाचा होता. जड डबे डोक्यावर घालून बसायच्या काळात एवढं हलकं काहीतरी घालून माणसं रस्त्याने चालू लागली. पण त्या वेळचा फोम आज शिल्लक असणं कठीण. फोटोत दिसतोय तो बहुतेक नंतर चढवलेला, आणि नारिंगी फोम चढवला की कुठलाही हलका हेडफोन ‘१९७९’ म्हणून विकता येतो. मॉडेल नंबरचा फोटो माग, मग कळेल.

तुला आवडतं ते त्याचं रूप आणि हलकेपणा, हो ना? मग कॉसचा ‘पोर्टा प्रो’ बघ. १९८४ सालचं डिझाइन आहे, आजही नवा तयार होतो, घडी करून सॅकमध्ये जातो आणि फोम गेले की नवे मिळतात. ६० ओहमचा आहे, फोनवर व्यवस्थित वाजतो. फोनला गोल जॅक नसेल तर टाइप-सीचा छोटा कन्व्हर्टर लागेल. खोलीतल्या मैत्रिणीला मात्र तुझं गाणं ऐकू जाणार, हे आधीच तिच्याशी बोलून घे.

आणि एक गोष्ट मनावर घे. उघड्या हेडफोनमध्ये बाहेरचा गोंगाट आत येतो, म्हणून बसमध्ये आपण नकळत आवाज वाढवत नेतो. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी सांगितलेली मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे. आवाज वाढला की हे तास झपाट्याने कमी होतात. बसमध्ये शेजारच्याचं बोलणं अजिबात ऐकू येत नसेल तर आवाज कमी कर.

प्रश्न : आम्ही सांगलीत गावभागात राहतो. वडिलांचा कॉस प्रो-४एए हेडफोन २०१९ च्या पुरात पाण्याखाली गेला होता. नंतर पुसून माळ्यावर ठेवला. वडील आता नाहीत. एक जण दोन हजारांना मागतोय, ‘व्हिंटेज आहे’ म्हणतो. विकावा की दुरुस्त होईल?

ताई, त्या ऑगस्टनंतर कितीतरी महिने माझ्या दुकानात पुरातलीच यंत्रं येत होती, त्यामुळे हे उत्तर अगदी हाताखालून गेलेल्या कामावरून देते. पाण्याने हेडफोन मरत नाही. मारतो तो कृष्णेचा गाळ. चुंबकाच्या ज्या फटीत कॉइल हलते ती मिलिमीटरच्या काही भागाएवढीच असते. गाळाचे बारीक कण पाण्याबरोबर तिथे शिरतात आणि वाळून घट्ट बसतात. शिवाय चुंबकाच्या लोखंडी तुकड्यांना गंज चढतो, गंज फुगतो आणि फट आणखी आवळली जाते. अशा हेडफोनला आवाज दिला की कॉइल अडकून घासते. तो चालू करून बघायचा मोह आवरा.

दुसऱ्या वाचकांसाठीही सांगते : सांगली-मिरजेकडचा जुना हेडफोन विकत घेताना कप उघडून स्क्रूच्या डोक्यांवरचा गंज आणि कोपऱ्यातली मातकट रेघ बघितल्याशिवाय घेऊ नका. बाहेरून पुसलेलं काहीही सांगत नाही.

तुमच्या हेडफोनबद्दल माझं मत विकू नये असं आहे. प्रो-४एए हा १९७० सालचा भक्कम नमुना, बांधणी जाड आणि जड. कुशनमध्ये द्रव भरलेला असतो, ती आता चिरली किंवा गळत असतील, पण बदलता येतील. ड्रायव्हर, म्हणजे आवाज करणारा चुंबक-कॉइल-पडद्याचा भाग, वाचेल असं मी वचन देत नाही. तो गेलाच असेल तर त्याच कपात, त्याच पट्ट्यावर दुसरे ड्रायव्हर बसवता येतात. आवाज मूळचा राहणार नाही, हे आधीच सांगते. घेणाऱ्याला हवाच असेल तर त्याला पुराचं खरं सांगून द्या. लपवून दोन हजार घेतलेत तर तो घरी जाऊन पिन लावेल आणि पहिल्याच दिवशी कॉइल जाळेल.

ठेवायचं ठरलं तर दुकानात आणा, उघडून बघायचे पैसे मी घेणार नाही. आणताना कप उघडू नका, हलवून आतलं वाजतंय का तेही बघू नका, ब्लोअर किंवा व्हॅक्युम क्लीनर तर लावूच नका, पडदा एका झटक्यात आत दबतो. वर्तमानपत्रात सैलसर गुंडाळा, वायर कपांभोवती आवळू नका आणि सोमवार सोडून कधीही या.